खंजिरीची छनक

सिंदी मेघेत मी ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते, ते काकाजी उन्हाळा लागला की घरातला एकुलता एक कूलर गाण्यांच्या सीड्यांच्या खोलीत लावत आणि स्वतः काकूंसह बाहेरच्या खोलीत पंख्याखाली घाम पुसत बसत. माझा तिथला तो पहिलाच एप्रिल. बंद दाराआडून कूलरचा आवाज येई, म्हणून मला वाटलं, आत कोणी आजारी माणूस असावं. काकूंना विचारलं. भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, आत नऊशे जणी आहेत आणि एकीचीही तब्येत धड नाही.

काकाजींच्या घरचं वर्ध्याच्या बाजारात शेतीच्या अवजारांचं दुकान होतं. पन्नाशीच्या आतच त्यांनी ते धाकट्या भावाच्या हवाली केलं. कारण विचारलं की सांगत, दिवसभर लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज ऐकून कान बाद होतात. कानांना ते फार जपत. लग्नाच्या वरातीत दोन्ही कानांत कापूस घालून चालत. कुकरची शिट्टी होणार असं दिसलं की उठून अंगणात जात. शेवटी काकूंनी कुकर माळ्यावर टाकला आणि गंजात, म्हणजे साध्या पातेल्यात, वरण शिजवायला सुरुवात केली.

त्यांची ऐकायची यंत्रणा मी आधी कुठंच पाहिली नव्हती. सीडी फिरवून वाचणारं यंत्र वेगळं, वाचलेल्या आकड्यांचा आवाज करणारं वेगळं, तो आवाज मोठा करणारं तिसरं, आणि माझ्या खांद्याएवढे दोन स्पीकर. सीडी फिरवणारं यंत्र तर दोन माणसांनी उचलावं असं होतं. ते काळ्या दगडाच्या लादीवर ठेवलेलं, म्हणजे बाहेरून ट्रक गेला तरी त्याला हादरा बसू नये. दुपारी चारच्या सुमाराला व्होल्टेज जरा बरं असतं असं त्यांचं निरीक्षण होतं. त्या वेळी ते हातपाय धुऊन बसत. सीडी काढताना बोटं फक्त कडेला लावत, खिडकीच्या उजेडासमोर धरून तिला कुठं बारीक भोक पडलंय का ते बघत, मगच लावत.

मी मूळची वडनेरची, शेतकऱ्याच्या घरची. वर्ध्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते. माझी सगळी गाणी एका तळहाताएवढ्या हार्ड डिस्कवर होती. ती पाहिल्यावर काकाजींनी हातात घेऊन तोलली आणि म्हणाले, "हे भाड्यानं राहणाऱ्या माणसासारखं असते, मॅडम. राहते, राहते, अन् एक दिवस न सांगता निघून जाते." मग मी त्यांची भाडेकरू आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढचे आठ दिवस ते जिन्यात भेटले की त्याबद्दल माफी मागत होते.

आमचा वाद तिथून सुरू झाला तो वर्षभर चालला. माझं म्हणणं, सीडीवर आकडेच असतात, तेच आकडे हार्ड डिस्कवर उतरवले तर आवाजात फरक पडायचं कारण नाही. ते म्हणत, आकडे तेच, पण वाचणारा कोण आहे त्यावर सगळं असते. एक माणूस पोथी वाचतो आणि दुसरा तीच पोथी वाचतो, तुम्ही दोघांजवळ सारखंच बसाल का, असं विचारत. मी म्हणे, काकाजी, आकड्यांना गळा नसतो. ते हसून मान हलवत, जसं काही मीच अजून लहान आहे.

नऊशेपैकी बहुतेक सीड्या विकत आणलेल्या होत्या. त्यांची मला काळजी नव्हती. काळजी होती ती चाळीसेक घरी केलेल्या सीड्यांची. काकाजी पंधरा-वीस वर्षं स्कूटरवर दोन मायक्रोफोन आणि एक रेकॉर्डर बांधून वर्धा, सेलू, पवनारकडच्या गावांत जात आणि खंजिरी भजनाच्या मंडळांचं रेकॉर्डिंग करत. छोट्या टेपवर घेत, त्यावरून कोऱ्या सीडीवर उतरवत आणि टेप पुढच्या गावासाठी पुन्हा वापरत. त्यामुळे त्या मंडळांचा आवाज जगात त्या चाळीस सीड्यांवर होता, आणखी कुठं नव्हता. त्यातले अर्धेअधिक गाणारे तोवर गेले होते. घरी केलेल्या सीडीवर रंगाचा पातळ थर असतो, तो उन्हाळ्यानं विटतो, हे मला माहीत होतं. मी दोन-तीनदा सांगितलं. त्यांनी कूलरकडे बोट दाखवलं.

मग एका मे महिन्यात त्यातली एक सीडी अडकली. चौथ्या भजनात यंत्र नुसतं किरकिरत राहिलं. काकाजींनी ती काढली, पुसली, पुन्हा लावली, असं पाच-सहा वेळा. शेवटी ते तिथंच स्टुलावर बसून राहिले. काकूंनी मला खाली बोलावलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे बाकीचंही असंच जाईन काय?"

मी हो म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी हार्ड डिस्कला होकार दिला.

पंधरा दिवसांत मी ती अडकलेली सोडून सगळ्या घरच्या सीड्या कॉम्प्युटरवरून नव्या हार्ड डिस्कवर उतरवल्या. खाली त्यांच्या खोलीत ती डिस्क वाजवायची सोय केली, वीज गेली तर डिस्कला धक्का नको म्हणून यूपीएस बसवला. सुरुवातीला त्यांनी काही तक्रार केली नाही. मग एक दिवस म्हणाले, सगळं आहे, पण छनक गेली. खंजिरीला कडेनं पितळी चकत्या असतात. थाप कातड्यावर पडते आणि त्याबरोबर चकत्या वाजतात. ती छनक हार्ड डिस्कवर उतरलीच नाही, असं त्यांचं म्हणणं. मी मूळ सीडी आणि प्रत यांतला एकेक आकडा कॉम्प्युटरकडून ताडून घेतला, कागदावर छापून दाखवला. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, कागदाले कान नसतात.

पण काही आठवड्यांनी मूळ सीडीतूनही छनक गेल्याचं त्यांना वाटायला लागलं, आणि तिथून खरा त्रास सुरू झाला. प्रत काढताना मी सीडीला काही केलं का, हे त्यांनी एकदाच विचारलं, तेही आडून. मग वायर बदलल्या. स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढं आणले, पुन्हा मागं नेले. भाताला हात न लावता ताटावरून उठायला लागले. एक दिवस मी कॉलेजला निघाले असताना काकू फाटकापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्याइचं काई तरी करा बाई. लेकरू गेल्यासारखे बसून राहतात."

कारण मला त्याच आठवड्यात कळलं होतं. रविवारी सकाळी मी वर कपडे वाळत घालत होते आणि खालून यूपीएसची टीं टीं ऐकू येत होती. वीज गेली होती. काकाजी बंद करतील म्हणून मी वाट पाहिली. सगळे कपडे टाकून झाले तरी टीं टीं चालूच. मी धावत खाली गेले. ते यूपीएसपासून हातभर अंतरावर खुर्चीत पेपर वाचत बसले होते. मी म्हटलं, काकाजी, हा केव्हाचा ओरडतोय. त्यांनी पेपर खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं, मग यूपीएसवरच्या लाल दिव्याकडे. म्हणाले, आत्ताच सुरू झाला असन.

मी डिस्क नीट बंद केली आणि वर आले. माझं बोलणं त्यांना ऐकू आलं होतं, पण ती बारीक टीं टीं नाही, आणि चकत्यांची छनकही तशीच बारीक. ज्या माणसानं कानांसाठी दुकान सोडलं, कानांसाठी घरातला कुकर बंद केला, त्याला मी काय सांगणार होते? कोणत्या शब्दांत? मी ठरवलं, काकूंना सांगू. मग ठरवलं, पुढच्या महिन्यात सांगू.

सांगितलं नाही. त्याऐवजी मी जे केलं ते असं. एका मंडळाची प्रत घेतली आणि कॉम्प्युटरवर तिच्यातला वरचा बारीक आवाज, म्हणजे चकत्यांचा, वाढवला. मला स्वतःला ते कानात टोचत होतं. त्यांना म्हटलं, पुन्हा नव्यानं उतरवलंय, ऐकून बघा. चार वाजता ते बसले. पहिली थाप पडली आणि त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. भजन संपेपर्यंत हलले नाहीत. मग काकूंना हाक मारून म्हणाले, "ऐक वो. खंजिरी घरात आली."

त्या दिवशी ते पोटभर जेवले. मला म्हणाले, मी हरलो मॅडम, हार्ड डिस्क चांगलीच असते, उतरवणारा पाहिजे फक्त.

त्यानंतर मी एकेक करून सगळ्याच प्रती तशा केल्या. मधून मधून ते म्हणत, अमक्यात जरा कमी वाटते, की मी तिथं आणखी थोडं चढवी. आणि आधीच्या खऱ्या प्रती मी पुसून टाकल्या. डिस्कवर जागा नव्हती असं नाही. दोन तऱ्हेच्या प्रती राहिल्या तर कधी तरी त्यांच्या हाती लागतील, ही भीती होती. मूळ सीड्या आहेतच, असं मी मनाला सांगत होते. काकाजींनी आता हार्ड डिस्कवर भरवसा टाकला होता. पुढच्या उन्हाळ्यात कूलर बाहेरच्या खोलीत आला. काकू खूश होत्या. पण दुपारी चार वाजले की खालून त्या चढवलेल्या चकत्यांचा आवाज जिन्यानं वर येई आणि मी दार लावून घेई.

पवनारकडच्या एका गावातला सुधाकर त्या पावसाळ्यात आला. चाळिशीचा शेतकरी. त्याचे वडील त्या भागातले नावाजलेले खंजिरीवाले, वर्षभरापूर्वी वारले होते. वर्षश्राद्धाला त्यांचंच भजन लावायचं म्हणून तो काकाजींकडून पेन ड्राइव्हवर प्रत घेऊन गेला होता. आता परत आला होता तो अवघडून. पाणी प्यायला, पावसाबद्दल बोलला, मग म्हणाला की रेकॉर्डिंग बरोबर नाही. मंडळातल्या म्हाताऱ्यांनी अर्ध्यातच बंद करायला लावलं. चकत्या पत्र्यासारख्या वाजतात, बाबांचा गळा त्याखाली दबून जातो.

काकाजी दुखावले. त्यांनी त्याला आत नेलं, त्याच्या वडिलांचं भजन लावलं. मी कॉलेजातून येत होते, काकूंनी दारातच थांबवून आत बसवलं. भजन संपल्यावर काकाजी म्हणाले, हेच ते, असंच वाजवत होते ते, मी त्यांच्यासमोर बसून घेतलं आहे.

सुधाकर वाद घालणारा माणूस नव्हता. त्यानं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली खंजिरी काढली. वडिलांचीच. म्हणाला, बाबांची आहे, तुम्हीच ऐका. आणि मांडी घालून वाजवायला लागला. त्या खोलीत ती छनक इतकी स्वच्छ होती की मला रडू येईलसं वाटलं. माझ्या प्रतीत तसं काहीच नव्हतं.

काकाजी खंजिरीकडे बघत होते. सुधाकरचा हात थांबला तेव्हा म्हणाले, पुन्हा वाजव. त्यानं पुन्हा वाजवली. ते पुढं सरकले, मान जवळ नेली. चकत्या डोळ्यांसमोर हलत होत्या.

"चकत्या ढिल्या झाल्या काय रे?" त्यांनी विचारलं.

"नाई काकाजी. चांगल्या आहेत."

त्यांनी खंजिरी मागून घेतली आणि उजव्या कानाशी हलवली, मग डाव्या. मग मांडीवर ठेवून माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. कधीपासून मनात शंका असेल, कोण जाणे. त्यांनी फक्त एवढं विचारलं, "मॅडम, तुमी त्यात काई केलं काय?"

मी सांगितलं. सुधाकरसमोर, काकूंसमोर, सगळं. यूपीएसचं, वाढवलेल्या आवाजाचं, पुसलेल्या प्रतींचं. बोलताना माझा आवाज बारीक होत गेला तशी मला भीती वाटायला लागली की त्यांना तो तरी ऐकू येतोय की नाही. संपल्यावर काकाजी उठून मागच्या अंगणात गेले.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी खोली सोडायची तयारी केली, एका मैत्रिणीला फोनही केला. त्याच दोन दिवसांत मी कॉलेजच्या लॅबमध्ये मूळ सीड्या पुन्हा वाचून पाहिल्या. काकूंनी त्या डबाभर आणून दिल्या होत्या. चाळीसपैकी निम्म्या कॉम्प्युटरनं सरळ नाकारल्या. सुधाकरच्या वडिलांची त्यातच होती. गेल्या उन्हाळ्यात त्या बिनकूलरच्या खोलीत होत्या, आणि त्या तिथं माझ्या शब्दावर होत्या.

तिसऱ्या दिवशी काकाजी जिना चढून वर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दारातच उभे राहून म्हणाले, "तुमच्या कॉम्प्युटरले घाई असते. माझं यंत्र हळू वाचते. चला खाली."

ते खरं होतं. कॉम्प्युटर एखादा डाग आला की सगळी सीडीच नाकारी. त्यांचं ते जड यंत्र अडखळत का होईना, पण पुढं सरके. आम्ही त्या यंत्राची वायर माझ्या कॉम्प्युटरला जोडली आणि नाकारलेली एकेक सीडी लावत गेलो. ते यंत्रापाशी बसत, मी पडद्यासमोर. प्रत्येक सीडी एकदाच चालेल, दुसऱ्यांदा नाही, अशा धास्तीनं आम्ही श्वाससुद्धा हळू घेत होतो. बहुतेक निघाल्या. ज्या निघाल्या नाहीत त्यांच्यासाठी मी बिघडवलेल्या प्रतींवरच उलटं काम करायचं होतं, जेवढं चढवलं तेवढं उतरवायचं. जास्त चढवल्यानं जिथं आवाज फाटला होता तिथला भाग परत येणार नव्हता.

सुधाकरच्या वडिलांची सीडी आम्ही शेवटी लावली. त्या दिवशी तोही आला होता. भजन सुरू झालं. गळा, थाप, छनक, सगळं जागच्या जागी. मला हे कानानं कळत होतं आणि काकाजी माझ्या चेहऱ्याकडे बघून समजून घेत होते. अकरा मिनिटं झाली आणि यंत्र किरकिरलं. पुन्हा लावलं, तिथंच थांबलं. अठ्ठावीस मिनिटांपैकी अकरा.

उरलेलं आम्ही तिघांनी दुरुस्त केलं. त्याला तीन रविवार लागले. सुधाकर खंजिरी वाजवे, मी ती ऐके, मग प्रत ऐके आणि आवाज उतरवी. काकाजी मधे बसून प्रश्न विचारत. गळ्याच्या वर आहे की खाली? थापेबरोबर येते की मागून? ऐकू येत नसलं तरी ते कसं होतं हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तिसऱ्या रविवारी मी म्हटलं, आता बरोबर वाटतंय. त्यांनी विचारलं, माझ्यासाठी म्हणता की खरंच? मी पुन्हा एकदा पहिल्यापासून ऐकलं. मग म्हटलं, दोन ठिकाणी फाटलेलं आहे, ते राहणार. बाकी खरंच.

सुधाकर समाधानानं प्रत घेऊन निघाला होता. काकाजींनी त्याला थांबवलं आणि मला कागद घ्यायला सांगितलं. प्रतीबरोबर हा कागद राहिलाच पाहिजे, असं म्हणाले आणि मजकूर सांगायला लागले. अकराव्या मिनिटापर्यंत आवाज जसा होता तसा आहे. त्यापुढं आमच्या हातून बिघडला होता, तो आम्ही नीट करून पाहिला.

मी 'आमच्या' खोडून 'माझ्या' लिहिलं. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, माझ्या हातातून पेन घेतलं आणि पुन्हा 'आमच्या' केलं. मग कागदाची घडी सुधाकरच्या हातात देऊन मला म्हणाले, उद्या कॉलेजातून लवकर निघता आलं तर बघा. कानाच्या डॉक्टरकडं जायचं आहे, ते काय बोलतात ते मले नीट सांगायले कोणी तरी पाहिजे.